नवारीचा पट्टा

मुलगी बघायला जाताना नागपूरच्या इतवारीतल्या बायका जेवढ्या तयारीनं निघत, तेवढ्याच तयारीनं जयवंताबाई मोटार बघायला निघाल्या. घडीचं लुगडं, नीट विंचरलेला अंबाडा, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि हातात काठोकाठ पाण्यानं भरलेला पितळेचा गडवा.

"हे काय घेतलं?" आनंदरावांनी विचारलं.

"पाणी."

"ते दिसून राहिलं मले. काहून घेतलं?"

"लागते."

आनंदरावांनी चपला पायात सरकवल्या. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं की बायको एका शब्दात उत्तर देते तेव्हा तिनं पुष्कळ विचार केलेला असतो.

त्यांचं दुकान बैलांच्या साजाचं. कासरे, वेसणी, जुपण्या, घुंगरमाळा, शिवाय सुतळी आणि खाटांची नवार. गल्ल्यावर आनंदराव बसत, पण दोर वळण्याचं आणि पट्टे शिवण्याचं काम मागच्या पडवीत जयवंताबाईंच्या हाताखाली चाले. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी पहिल्यांदा जुपणी वळायला शिकवली होती. जुपणी म्हणजे बैलाची मान जुवाला अडकवायचा पट्टा. तो जुवातल्या शिवळेला, म्हणजे लाकडी खुंटीला, अडकवायचा. सासरे म्हणायचे, "सूनबाई, जुपणीनं बैल धरला पाहिजे. पण गाडी उलटली तं शिवळ उपसल्याबरोबर सुटलाबी पाहिजे. नाई सुटला तं फास लागते." पारशिवनी, मौदा, कुही इकडचे शेतकरी खास त्यांच्याच दुकानची जुपणी मागत, ती या सुटण्याच्या गुणासाठी.

आता बाजारच्या गावांना माल न्यायला आणि घरच्यांनाही हिंडायला अशी एक गाडी घ्यायची, असं आनंदरावांनी ठरवलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढं माल होता आणि थोडी ऐटही होती. जयवंताबाईंच्या डोळ्यांपुढं गोपिका होती.

गोपिका त्यांची एकुलती लेक, पारशिवनीला दिलेली. मागच्या वर्षी पोळ्याला जयवंताबाईंनी हट्टानं तिला बोलावलं. लहानपणापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीची मिरवणूक तिनं एकदाही चुकवली नव्हती, आणि दिवस राहिल्याची बातमीही नुकतीच आली होती. मायच्या हातचं खाऊन जाऊ दे चार दिवस. पोरगी खेपा करणाऱ्या एका जीपमधून निघाली. जीपमध्ये माणसं कोंबलेली. तिला जागा मिळाली ती अगदी मागच्या टोकाला, जिथं ना दार ना साखळी. गावाबाहेरच्या नाल्यात चाक खड्ड्यात आदळलं आणि गोपिका मागच्या मागं रस्त्यावर फेकली गेली. हातपाय शाबूत राहिले. पोटातलं राहिलं नाही.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण तिच्या सासूनं, बायजाबाईंनी निरोप धाडला होता: सूनबाई कोणत्याच गाडीत पाय ठेवणार नाही, जे व्हायचं ते इथंच होईल. आणि माल पोचवायला गेलेल्या चंद्रभानाला, आपल्या भावाला, गोपिकानं गोठ्याच्या आडोशाला गाठून हळूच सांगितलं होतं, "दादा, मायले सांग, मले घेऊन जाय म्हना."

हे एवढं वाक्य जयवंताबाई महिनाभर उराशी घेऊन वावरत होत्या.

पहिली मोटार सीताबर्डीवरच्या एका वकिलाची. चार दारांची, काळी, पुसून चकचकीत केलेली. आनंदराव पाहताक्षणीच तिच्या प्रेमात पडले. जयवंताबाईंनी आधी चारही दारं उघडून पुन्हा आपटून लावली. मग मागच्या गादीवर बसून गडवा मांडीवर घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला. आन मधातच बकरी आडवी आली असं समजून थांबवा."

"बकरी कुठं हाये, बाई?"

"समजा म्हटलं न."

ड्रायव्हरनं समजून घेतलं. पाणी उसळलं ते थेट त्याच्याच मानेवर. गुळगुळीत गादीवरून जयवंताबाई स्वतःही घसरल्या आणि पुढच्या सीटच्या पाठीला बसवलेल्या चकचकीत दांडीवर जाऊन आदळल्या. ती दांडी धरायला म्हणून लावलेली, शोभेची. त्यांनी तिथं हात ठेवून पाहिला. दांडी बरोबर पोटाच्या उंचीवर येत होती.

"चारी बाजूनं भिंती हायेत, हे चांगलं," खाली उतरून त्या म्हणाल्या. "कोनी बाहेर फेकल्या जानार नाई. पण आतल्या आत?" वकिलीणबाई दारात उभ्या होत्या, म्हणून बाकीचं त्यांनी पोटात ठेवलं. घरी येताना तेवढं म्हणाल्या, "आन बूड किती खाली हाये तिचं! नाल्यात बसली तं उठायची नाई. पोरीले मधातच उतरून चिखल तुडवा लागंल."

दुसऱ्या वेळी चंद्रभानही बरोबर होता. गाडी एका ठेकेदाराची स्टेशन वॅगन. लांबलचक, मागं ऐसपैस जागा. ती चांगली जडशीळ होती, धक्काही कमी बसत होता. गडव्यातलं पाणी तीन हिसक्यांना तग धरून राहिलं. जयवंताबाईंचा चेहरा खुलत चालला होता, तेवढ्यात रुळाजवळच्या खड्ड्यात गाडी उडाली आणि मागचं दार आपोआप उघडून लटकू लागलं.

"कडी जुनी झाली, बदलून देतो," ठेकेदार म्हणाला.

जयवंताबाई त्या उघड्या दारातून मागं पळणाऱ्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. "चंद्रभान, थांबव म्हना त्याईले," एवढंच त्या बोलल्या. बाकीचा रस्ता त्या पायी आल्या.

तिसरी होती कामठीच्या लष्करी लिलावातून एका मेकॅनिकनं आणलेली जीप. तिला दारं नव्हती, भिंती नव्हत्या, मागं समोरासमोर दोन बाकं आणि वर ताडपत्री. पहिल्याच हिसक्यात निम्मा गडवा जयवंताबाईंच्या लुगड्यावर सांडला.

चंद्रभान हसू लागला. "माय, पानी किती राहिलं?"

"हास, हास." त्यांनी ओलं लुगडं पिळलं आणि जीपभोवती एक चक्कर मारली. वाकून खाली पाहिलं. चाकं खड्ड्यात पाय रोवून उभी राहणारी, पोट जमिनीपासून उंच, अंग जाड लोखंडाचं. मग म्हणाल्या, "हेच घ्या."

आनंदराव चकित झाले. "अवं, सगळ्यात जास्त पानी तं इथंच सांडलं!"

"त्या मोटारीत जे हाये ते हाये, त्याले हात लावता येत नाई. इच्यात काहीच नाई. जे पाह्यजे ते लावता येते."

पुढचे पंधरा दिवस जीप अंगणात राहिली आणि घरातली माणसं तिच्याभोवती. चंद्रभानानं वेल्डरकडून डोक्यावर जाड नळीची कमान बसवून घेतली, गाडी उलटलीच तर माणसांच्या डोक्याआधी ती टेकावी म्हणून. दोन्ही बाजूंना कमरेएवढे दरवाजे लावले, मागं फळी आणि दुहेरी साखळी. समोरासमोरची बाकं काढून पुढं तोंड करून बसायची सीट केली. जिथं जिथं लोखंडाचा कोपरा दिसला, तिथं तिथं जयवंताबाईंनी कापूस भरून जुन्या गोधडीचे तुकडे शिवले. पायांना धक्का बसू नये म्हणून खाली बारदानाचे थर अंथरले. आणि शेवटी खाटेची रुंद, पांढरी नवार घेऊन सीटच्या लोखंडाला दोन्हीकडून पक्की शिवली. माणूस बसलं की पोटाच्या खालून, मांड्यांवरून ही दोन टोकं आणायची आणि बांधायची.

शेजारची कौसल्या भिंतीवरून पाहत होती. "काकू, मानसं बसवता का बैल जुंपता वं?"

"बैल बरे. ते इचारत नाईत."

बांधताना जयवंताबाईंनी निरगाठ मारली. ओढलं की आणखी घट्ट होणारी गाठ. चंद्रभानाला बसवून दोन्ही हातांनी खेचून पाहिलं. गाठ ढिली झाली नाही. त्यांच्या जिवाला त्या दिवशी जरा स्वस्थता आली.

माघाचे दिवस. चंद्रभानाला घेऊन जयवंताबाई पारशिवनीला पोचल्या तेव्हा बायजाबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. मोठ्या हाडापेराची बाई, आवाज शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाणारा. गोपिका दारात उभी होती. पोट दिसू लागलं होतं. मायला पाहून ती पुढं आली नाही. आधी सासूकडे पाहिलं, मग पाणी आणायला आत गेली. जयवंताबाईंना ते लागलं. पण पाठोपाठ बायजाबाई ओरडल्या, "पोरी, घागर उचलू नोको! लोटी भरून आन!" आणि मग मनात राग धरायलाही जागा उरली नाही.

गाडी पाहून बायजाबाई म्हणाल्या, "जीपच आनली शेवटी. जिच्यातून पडली तेच."

"ते नाई, विहीनबाई. हे पाहा तं खरं."

"पाहून काय करू? माही सून हाये ते."

"तुमची सून हाये. पण पोटातून माह्या आली."

"आन तुमच्याकडं येता येताच तं..." बायजाबाईंनी वाक्य तिथंच तोडलं. सूप जोरानं आपटलं. तुरीचा भुसा हळूहळू खाली बसला.

मग त्याच उठल्या. पदर खोचला. "मी बसतो आधी. माह्यं वजन पाहून घेऊ द्या तुमच्या गाडीले. मले काही झालं नाई तं पुढचं पुढं."

जयवंताबाईंनी त्यांना मागच्या सीटवर बसवलं, नवार आवळून निरगाठ मारली आणि शेजारी स्वतः गडवा घेऊन बसल्या. गोपिका दारातून पाहत होती.

नाल्यापर्यंतचा रस्ता मजेत गेला. चंद्रभानानं एकदा मुद्दाम करकचून ब्रेक मारला. पाणी सांडलं, पण बायजाबाई जागच्या हलल्या नाहीत. "अवं माय!" त्या लहान पोरीसारख्या हसल्या. "धरून ठेवलं वं मले! आनखी एक डाव मार गा, बापू!" चंद्रभानानं आणखी दोनदा मारला. प्रत्येक वेळी गाठ आतल्या आत घट्ट होत होती, पण ते त्या वेळी कोणाच्याच मनात आलं नाही. जयवंताबाईंना तर गोपिकेचं गाठोडं बांधून तयार झाल्यासारखंच वाटत होतं.

नाल्याच्या उतारावर धुराचा वास आला. खाली अंथरलेल्या बारदानाचं एक टोक फटीतून लोंबून तापलेल्या सायलेन्सरला टेकलं होतं, हे मागाहून कळलं. त्या वेळी दिसला तो पायांतून वर येणारा काळपट धूर.

"उतरा! उतरा लवकर!" चंद्रभान उडी मारून ओरडला.

जयवंताबाई आपल्या बाजूनं उतरल्या. वळून पाहतात तो बायजाबाई बसलेल्याच. दोन्ही हातांनी गाठ ओढत होत्या, आणि ओढतील तशी ती आवळत होती. जयवंताबाई परत आत चढल्या. नखं घातली, नखं मोडली. वाकून दातांनी धरली. नवार तोंडात, धूर डोळ्यांत, आणि डोक्यावर बायजाबाईंचा श्वास, मोठा मोठा. चंद्रभानानं मायच्या हातून पडलेला गडवा उचलला, नाल्यातलं पाणी भरभरून बारदानावर मारलं. चौथ्या-पाचव्या गडव्याला धूर चुरचुरत विझला. आग कधी लागलीच नव्हती. पण गाठ सुटली ती त्यानंतर, चंद्रभानानं स्क्रू-ड्रायव्हर घालून उकलली तेव्हा.

बायजाबाई नाल्याच्या काठी दगडावर बसल्या. लुगडं ओलं झालं होतं. मग एकदम शांत आवाजात म्हणाल्या, "विहीनबाई, आमची बैलं तुमच्याच दुकानची जुपनी घालतात. मागच्या साली बंडी उलटली, तं माह्या पोरानं शिवळ उपसली आन बैल वाचले. बैलाले तुम्ही सुटाची सोय ठेवता. मले नाई ठेवली."

जयवंताबाईंच्या तोंडात अजून नवारीची सुती, कोरडी चव होती.

घरी परतल्यावर गोपिकानं सासूचं ओलं लुगडं पाहून विचारलं, "आत्याबाई, काय झालं?"

"काही नाई वं. नाल्यात पाय घसरला माह्या." बायजाबाई आत जाता जाता म्हणाल्या. "चाय ठेव तुह्या मायसाठी."

जयवंताबाईंना त्या क्षणी या बाईचे पाय धरावेसे वाटले. त्यांनी चहा घेतला, गोपिकेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला न नेता नागपूरचा रस्ता धरला. गोपिका फाटकापर्यंत आली. कशी काय परत चाललीस, असं तिनं विचारलं नाही. लहानपणी औषध कडू लागलं तरी ती कुरकुरायची नाही, नुसती पाहायची. तशीच पाहत राहिली.

घरी आल्यावर दोन दिवस जयवंताबाईंचं कशातच लक्ष लागेना. वरणाला फोडणी द्यायची राहिली. आनंदरावांनी ते तसंच खाल्लं. तिसऱ्या दिवशी मौद्याचा एक शेतकरी जुपणी घ्यायला आला. सगळे घेतात तशीच त्यानं परीक्षा घेतली: दुकानातल्या नमुन्याच्या जुवाला जुपणी अडकवली, अंगाचा भार टाकून ओढून पाहिली, आणि मग दोन बोटांनी शिवळ उपसली. जुपणी फट्‌दिशी गळून पडली. "बराबर हाये," तो म्हणाला.

जयवंताबाई पडवीतून पाहत होत्या. ही परीक्षा त्यांनी आयुष्यात हजारदा पाहिली असेल. पंचवीस वर्षं स्वतःच्या हातानं त्या ही सोय बैलांसाठी करत आल्या होत्या. पण लेकीसाठी पट्टा करताना मनात एकच होतं, पडू द्यायची नाही. त्यापुढं त्यांचं मन गेलंच नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी गाठीची टोकं कापून टाकली. नवारीच्या एका टोकाला लोखंडी कडी शिवली, दुसऱ्या टोकाला नवारीचाच दुहेरी फासा. फासा कडीतून ओवायचा आणि त्यात बाभळीची खुंटी घालायची. सुतारानं दिलेली खुंटी त्यांनी काचकागदानं घासून घासून निमुळती, बोटासारखी गुळगुळीत केली. ओढ बसली की धरून ठेवील. वरून उपसली की सगळं मोकळं.

परीक्षेला आनंदराव सापडले. गल्ल्यावरच्या खुर्चीला त्यांना बांधून चंद्रभान मागून खुर्ची हिसकत होता, आणि दुकानात आलेली दोन गिऱ्हाईकं खरेदी विसरून उभी होती.

"शेठजी, काय गुन्हा केला गा?" एकानं विचारलं.

"लगन केलं," आनंदराव म्हणाले. "तवा बांधलं त्याले शिवळ नोती. हे आता लावून राहिली."

"उपसा मंग," जयवंताबाई म्हणाल्या.

आनंदरावांनी खुंटी उपसली. पट्टा मांडीवरून गळून पडला. ते उठले मात्र नाहीत. "बसतो थोडा," म्हणाले. "चांगलं वाटून राहिलं." पुष्कळ दिवसांनी जयवंताबाई हसल्या.

जीपमधलं बारदान त्यांनी सगळं काढून टाकलं. फटींवर चंद्रभानानं पत्रा मारला.

दुसऱ्यांदा पारशिवनीला गेल्या तेव्हा त्यांनी गाडीची तारीफ केली नाही. अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "विहीनबाई, चुकलं माह्यं. जे बैलाले करतो ते मानसाले करा लागते, हे मले सुचलं नाई. मी न्यायले नाई आली. तुम्ही एक डाव हात लावून पाहा, नाई जमलं तं मी इथंच येऊन राहीन बाळंतपनाले. तुमच्या हाताखाली."

बायजाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मोडलेल्या नखाकडे पाहिलं. मग उभ्या जीपमध्ये चढून बसल्या, पट्टा घातला, खुंटी उपसली. पुन्हा घातला, पुन्हा उपसली. डोळे मिटून उपसली, डाव्या हातानं उपसली. हूल देऊन एकदम उपसली, जणू खुंटी खोटं बोलते का हे पाहायचं होतं. बराच वेळ हा खेळ चालला.

"हे बराबर हाये," शेवटी त्या म्हणाल्या. त्या शेतकऱ्याचाच शब्द. "पन माह्यं काय? जानार ते हाये. तिले इचारा."

आणि दोघींच्याही लक्षात आलं की इतके दिवस गोपिकेला कोणी विचारलंच नव्हतं.

गोपिका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "येतो मी. पन नाल्यात मले बसवू नोका. तेवढा मी पायी चालीन."

बायजाबाईंनी लगेच तिची पेटी बाहेर काढली. पेटी भरलेली होती. कधी भरून ठेवली होती, हे त्यांनी सांगितलं नाही. डिंकाच्या लाडवांचा डबा वर ठेवला. "नाल्यापर्यंत मी येतो," म्हणाल्या. "मागून आमची दमनी येऊ द्या, तिच्यातून परत येईन." मग तिघी मागच्या सीटवर बसल्या, मध्ये गोपिका. तिचा पट्टा जयवंताबाईंनी पोटाच्या खालून आणला, दोन बोटं आत घालून सैल-घट्ट पाहिलं. त्यांच्या मांडीवर भरलेला गडवा होता. चंद्रभानानं गाडी अशी चालवली की रस्त्यावरची कोंबडीसुद्धा घाईनं उठली नाही. मागून बैलांची दमणी घुंगरं वाजवत येत होती, आणि दोन-तीनदा तर तिनं जीपला गाठलं.

नाला आला. माघातला नाला तो, घोट्याएवढं पाणी आणि वाळू. चंद्रभानानं गाडी थांबवली. गोपिका समोर पाहत होती. खड्डा आता बुजलेला होता, त्यावर मुरूम पडलेला. तरी जागा तिला माहीत होती, आणि त्या दोघींनाही.

जयवंताबाईंचा हात सवयीनं खुंटीकडे गेला. गोपिकानं तो अलगद बाजूला केला.

"मी काढतो, माय."

तिनं खुंटी उपसली. पट्टा गळून पडला. बायजाबाई उतरून बाजूला झाल्या तशी ती उतरली, लुगडं घोट्यावर घेतलं आणि पाण्यात पाय घातला. जयवंताबाई मागोमाग उतरू लागल्या तसा बायजाबाईंनी त्यांचा दंड धरला.

"जाऊ द्या."

"पाय घसरला तं?"

"नाई घसरत. रोज विहिरीवर जाते ते."

दोघी विहिणी एकमेकींचा दंड धरून काठावर उभ्या राहिल्या. गोपिका सावकाश चालत होती. त्या जागेशी ती थांबली. तिची पाठ होती यांच्याकडे, म्हणून चेहरा दिसला नाही. ती वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि पुन्हा नाल्यात सोडून दिलं. मग पुढं चालू लागली. बायजाबाईंची बोटं जयवंताबाईंच्या दंडात रुतली होती.

पलीकडं पोचल्यावर गोपिकानं वळून हात हलवला. "या न!" ती ओरडली.

बायजाबाईंनी हात सोडला. डोळे पुसायचे नसल्यासारखे पुसले. "मुलगा होवो का मुलगी, मले बारशाले बोलवजा," त्या म्हणाल्या. "आन हेच गाडी धाडजा. मी खिडकीवाल्या मोटारीत बसत नसतो." मग दमणीत चढल्या आणि बैलांना उगाचच दोन शिव्या दिल्या.

जयवंताबाईंना घेऊन जीप नाला ओलांडून पलीकडं आली. गोपिका आपणच चढली, आपणच बसली. फासा कडीतून ओवला, खुंटी घातली, वरून एक थाप मारली. बैल जुंपून झाल्यावर तिचे आजोबा मारायचे, अगदी तशी. चालून तिचं तोंड सुकलं होतं. तिनं मायच्या मांडीवरचा गडवा उचलला आणि तोंड वर करून घटाघटा पाणी प्यायली. गळ्यावरून दोन थेंब ओघळले, तेवढेच सांडले.

कन्हानकडे वळण घेताना चंद्रभानानं पुढूनच, मागं न पाहता, नेहमीचा प्रश्न केला. "माय, पानी किती राहिलं?"

जयवंताबाईंनी मांडीवरच्या रिकाम्या गडव्याकडे पाहिलं. गोपिकेचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं होतं.

"काहीच नाई राहिलं," त्या म्हणाल्या. "तू चालव. पोरगी झोपून राहिली."